वाघमारे बाईंची परत येणारी नदी

वाघमारे बाईंना आमच्या कॉलनीत तोंडावर कुणी खोटं पाडत नसे. शिक्षिकेला खोटं पाडायचं म्हणजे आपल्याच पोराचे मार्क धोक्यात घालायचे, एवढा हिशेब लातूरच्या माणसाला उपजतच येतो. पण बाई आपल्या नदीबद्दल बोलायला लागल्या की लोक एकमेकांकडे बघत, कुणाला तरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवे आणि सभा बरखास्त होई.

नदी म्हणजे वाशिष्ठी. बाईंचं माहेर चिपळूणच्या खाली, गोवळकोटाच्याही खाली, तिच्या काठावर. ती सह्याद्रीत उगम पावते आणि दाभोळला समुद्राला मिळते, एवढं पुस्तकात आहे आणि एवढ्याला लातूरकरांची काही हरकत नव्हती. हरकत होती ती पुढच्या वाक्याला.

"आमची नदी दिवसातून दोनदा मागे फिरते," बाई सांगायच्या. "समुद्राकडून वर येते. पार काठाला लागते."

ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथे दिवसातून दोनदा पाणी येणाऱ्या नदीची गोष्ट सांगणारा माणूस एक तर खोटारडा असतो, नाही तर निर्दयी. आम्ही सभ्य लोक, म्हणून आम्ही खोटारडेपणावर भागवलं.

मी बाईंच्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि त्यांच्या समोरच्याच घरात राहायचे. त्यामुळे ती नदी माझ्या वाट्याला शाळेतही यायची आणि घरीही. माझं माहेर शिरूर अनंतपाळचं. आमच्याकडची नदी वर्षातले चार महिने वाहते आणि उरलेले आठ महिने तिच्यात म्हशी चालतात. अशा माणसाने बाईंचं ऐकून घेतलं, हीच माझी मैत्री.

लातुरात भूगोलाला विषय म्हणत नाहीत. तो गणिताच्या शिक्षकाचा राखीव साठा असतो. सिलॅबस मागे पडला की भूगोलाचा तास उचलायचा. इतर शाळांतले भूगोलाचे शिक्षक यावर खूश असत, स्टाफरूममध्ये बसून दाणे खात. बाई मात्र तास सोडत नसत. मुख्याध्यापकांनी एकदा त्यांना समजावलं, "बाई, आपल्या पोरांना डॉक्टर व्हायचंय. त्यांना नद्या काय करायच्यात?"

"होऊ द्या की डॉक्टर," बाई म्हणाल्या. "दवाखाना कुठल्या गावाला घालायचा ते तरी कळायला नको?"

बाईंच्या वडिलांचा पडाव होता, म्हणजे माल वाहणारी मोठी होडी. गोवळकोटपर्यंत कौलं, मीठ, सुकी मासळी आणायची आणि जाताना तांदूळ-लाकूड न्यायचं. पुढे रस्ते झाले, खाडी गाळाने भरत गेली आणि पडाव काठावर पडून कुजला. वडिलांनी लेकीला इस्टेट म्हणून एक हिशेब दिला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमाराला, पौर्णिमा-अवसेला बाराच्या. बाई तो हिशेब लातुरात बसून रोज करायच्या. स्टाफरूममध्ये डबा उघडला की आधी कॅलेंडरकडे नजर, मग घड्याळाकडे, आणि मग पहिला घास घेता घेता, "आता चढत असेल." परगावी शिकायला ठेवलेल्या पोराबद्दल आई बोलते तसा तो सूर असे. आधी आम्ही हसायचो. मग सवय झाली. पुढे पुढे तर बाई रजेवर असल्या की कुणीतरी विचारायचं, "आज चढली की उतरली?"

शेजारच्या बिरादार काकूंनी यात सरळ व्यवहार पाहिला. "बाई, त्याच हिशेबानं आमच्या नळाचं निघतंय का बघा की."

"नळाला चंद्र चालत नाही, काकू. पाणी सोडणारा लागतो," बाई म्हणाल्या.

चुकीचा भूगोल ऐकला की बाईंना अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. शाळेच्या गॅदरिंगला एक मोठे साहेब आले होते. भाषण रंगात आलं आणि साहेब म्हणाले, "विद्यार्थी मित्रांनो, नदी एकदा सागराकडे निघाली की परत फिरत नाही, तसंच तुम्हीही ध्येयाकडे..." शिक्षकांच्या रांगेतून एक हात वर झाला. साहेबांना वाटलं, टाळीसाठी. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, कोकणातली फिरते."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. साहेबांनी ध्येयाचं वाक्य दुसऱ्या बाजूने सुरू करून पाहिलं. पण नदी मध्ये आली ती हलेना. शेवटी त्यांनी झाडाचं उदाहरण घेतलं. मुख्याध्यापकांनी पुढे कितीतरी दिवस बाईंशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

इतिहासातही त्यांची नदी कुठून घुसेल याचा नेम नसे. शाळेची सहल उदगीरच्या किल्ल्यावर गेली होती. गाईड बहामनी काळाबद्दल बोलत होता, पोरं सेल्फी काढत होती. बाई पुढे झाल्या. "बिदरच्या सुलतानाचे अरबी घोडे कुठून यायचे, माहितीय? जहाजाने दाभोळला. दाभोळ म्हणजे माझ्या नदीचं तोंड. तिथून घाट चढून दख्खनला. या किल्ल्यात जे घोडे बांधले असतील, त्यातले काही तरी माझ्या नदीचं पाणी बघून आलेले असणार." मला ते फार आवडलं. आपल्या कोरड्या मुलखाचा समुद्राशी कधी काळी असा घरोबा होता, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. एका पोराने मात्र विचारलं, "मॅडम, हे नीटला येतं का?"

खरं बोलायची सवय असली की माणूस स्वतःविरुद्धही साक्ष देतो. कोयनेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला सोडून वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत जातं, हे बाईंनीच वर्गात शिकवलं. पोरांनी घरी सांगितलं. रविवारी बिरादार काका आणि आणखी दोघं-तिघं बाईंच्या ओट्यावर.

"म्हंजी हिकडं यायचं पाणी तुमच्या नदीनं पळवलं की ओ बाई!"

"हिकडं कुठून येणार? कोयना कृष्णेला मिळते, आपल्या मांजरेला नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला तसंही मिळालं नसतं."

हे सांत्वन कुणी मनावर घेतलं नाही.

पण कॉलनीचं काय, कॉलनी आपापल्या घरी जाते. बाईंवरचा खरा अविश्वास घरात राहायला होता. त्यांच्या सासूबाई, गयाबाई. असायच्या जळकोटला थोरल्या लेकाकडे. गुडघ्याच्या औषधासाठी वर्षातले काही महिने लातूरला. सगळं आयुष्य रानात काम केलेली बाई. पाण्याचा त्यांना बाईंपेक्षा जुना अनुभव होता आणि तो एका वाक्याचा होता. "पाणी उताराला जातं."

नवी सून कोकणातून आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने ही नदी सासूला सांगितली. सांगितली म्हणजे शिकवली, आणि चूक तिथेच झाली. डावा हात आडवा धरून नदी, उजव्या हाताची मूठ म्हणजे समुद्र, आणि डोकं वर करून चंद्र.

गयाबाईंनी सगळं ऐकलं. "उतार बदलतो का गं दिसातून दोनदा?"

"उतार नाही बदलत, आत्याबाई. चंद्र पाणी ओढतो."

"चंद्र तिकडं एक अन् हिकडं दुसरा हाय व्हय? मग आमच्या हिरीचं का वढत न्हाई?"

याचं उत्तर आहे. पण ते फळ्याशिवाय देता येत नाही. गयाबाईंनी लेकाला साक्षीला बोलावलं. वाघमारे साहेब पाटबंधारे खात्यात, नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं चिपळूणकडेच होते. लग्नही तिथेच जमलेलं. ते सासू-सुनेच्या मध्ये कधी पडत नसत. म्हणाले, "असंल माय. म्या हापिसात ऱ्हायचो."

त्या दिवसापासून गयाबाईंनी सुनेचा एकही शब्द पडताळल्याशिवाय घेतला नाही. सून म्हणाली भाजीत मीठ घातलंय, की चाखून बघायच्या. सून म्हणाली डॉक्टरांनी एकच गोळी सांगितलीय, की मेडिकलवाल्याला विचारून यायच्या. नांदेडला बहिणीकडे गेल्या तर गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठावर थोडा वेळ उभ्या राहून यायच्या आणि आल्यावर सुनेला ऐकू जाईल असं सांगायच्या, "बघितली गंगा. खालीच चाललीय." भांडण कधी नाही. शिवी नाही. सुनेच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसलेल्या गयाबाई मी पाहिल्या आहेत. फक्त तिचं खरं मानायचं नाही, एवढंच.

ऐकायला गंमत वाटते. पण जिच्या शब्दावर मिठाएवढाही विश्वास नाही अशी सून म्हणून एका घरात तीस वर्षं काढायची, हे सोपं नाही. बाई कधी बोलल्या नाहीत. एकदाच, स्टाफरूममध्ये कुणी नसताना म्हणाल्या, "मला त्यांच्याकडून काही नको हो. त्यांनी एकदा काठावर उभं राहून बघावं. बस."

बाई रिटायर झाल्या आणि तो योग आला. माघातल्या पौर्णिमेला त्यांच्या भावाकडे जायचं ठरलं. समुद्र बघायला मिळतोय म्हटल्यावर कॉलनी विश्वास-अविश्वास विसरून टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसली. गयाबाई स्वतःहून तयार झाल्या. "चला. बघू तर," एवढंच म्हणाल्या. बिरादार काकूंनी घरच्या पाण्याचे चार कॅन बरोबर घेतले. परमुलखातल्या पाण्याचा भरवसा काय.

बाईंनी वेळापत्रक स्वतः बसवलं होतं. पौर्णिमेची भरती दुपारी. ती खाडीतून वर त्यांच्या गावाला पोचायला आणखी थोडा उशीर. म्हणजे अकरापर्यंत पोचलं की नदी ऐन भरात चढताना दिसणार. मराठवाड्याच्या गाडीला तीन-चार तास उशीर होणारच, हे धरून त्यांनी निघायची वेळ तेवढी अलीकडे घेतली. जेवणाला वेळ, चहाला वेळ, कुणाला तरी मळमळणार त्याला वेळ, पंक्चरला वेळ. आणि तिथेच त्यांचा घात झाला. ड्रायव्हर इरफान उदगीरचा, रस्ता नवा, पंक्चर नाही, मळमळ नाही. लातूरची गाडी इतिहासात पहिल्यांदाच वेळेच्या आधी पोचली.

"टाइम के पहले पोचा दिया ना बाई?" इरफान खुशीत म्हणाला.

नुकतं उजाडत होतं. समोर नदी नव्हती. चिखल होता. या काठापासून त्या काठापर्यंत काळा, ओला, चकचकीत चिखल, त्यावर होड्या कुशीवर कलंडलेल्या, आणि धक्क्याला लागून पाण्याची एक धार समुद्राकडे चाललेली. ऐन ओहोटी.

कॉलनीने आधी बाईंच्या भावाला नमस्कार केला. तेवढी आम्हाला रीत आहे. मग बिरादार काका म्हणाले, "हीच व्हय? आमची तिरू नदी परवडली की ओ." आणि जो हशा झाला त्यात तीस वर्षांचं साचलेलं सगळं वाहून गेलं. वाघमारे साहेब लगबगीने सामान उतरवायला लागले. मीही हसले असते. पण बाईंकडे नजर गेली. त्या घड्याळाकडे बघत होत्या. घड्याळ बरोबर होतं, तिथी बरोबर होती, सगळं बरोबर होतं, आणि सगळं त्यांच्या विरोधात गेलं होतं.

भावाने चहा आणि घावणे आणले. खाऊन झाल्यावर सगळ्यांचं एकच सुरू झालं, गुहागरला चला, खरा समुद्र तिकडं आहे. बाई हळूच म्हणाल्या, "थोडं थांबलं असतं तर..." पण कुणी ऐकेना. इरफानने गाडी चालू केली.

गयाबाई मात्र काठी टेकत धक्क्यावर गेल्या आणि कडेच्या दगडावर बसल्या. "तुमी जावा. म्या न्हाई हालत."

"माय, उशीर हुतोय," साहेब म्हणाले.

"तीस वर्सं ऐकून राहिले म्या. आज बघूनच उठते." हे सुनेच्या बाजूने होतं की विरुद्ध, ते कुणालाच कळलं नाही. म्हातारीला टाकून जाता येईना, म्हणून सगळे तोंडं वाकडी करून थांबले.

गयाबाईंनी फडक्यातून भाकरी काढली. जळकोटहून आणलेली ज्वारीची, वाळून कडक झालेली. "समुद्र कुन्या अंगाला हाय?" बाईंनी हात केला. गयाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडून धारेत टाकला. तुकडा डुलत डुलत समुद्राकडे निघाला.

"खाली चाललीय," गयाबाई म्हणाल्या.

बाई सासूपासून दोन हात अंतरावर उभ्या राहिल्या. हातांची नदी नाही, मुठीचा समुद्र नाही, चंद्र नाही. बोलायचं सगळं बोलून झालं होतं. थोड्या थोड्या वेळाने गयाबाई तुकडा टाकत, तो समुद्राकडे जाई, आणि त्या "खालीच" म्हणत. खरं सांगते, मलाही मनातून भीती वाटायला लागली. पुस्तकात वाचलेलं होतं, चंद्राचं उत्तर मला पाठ होतं, तरी वाटलं, आज नेमकी नदी फिरलीच नाही तर?

मग एक तुकडा पडला आणि जागच्या जागी राहिला. कुठेच जाईना. गयाबाई पुढे वाकल्या.

"थांबली," त्या म्हणाल्या.

पुढचा तुकडा टाकायच्या आधी त्यांनी सुनेकडे एकदा बघितलं. मग टाकला. तो तुकडा क्षणभर घुटमळला, आणि सावकाश, अगदी सावकाश, डोंगराच्या दिशेने वर सरकायला लागला. गयाबाईंनी आणखी एक टाकला. तोही वर. चिखलाच्या कडेने पाणी जीभ काढल्यासारखं पुढे येत होतं. कलंडलेली एक होडी हलली.

आमच्या मागे कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

ही आरोळी लातूरच्या माणसाच्या डोक्यात जात नाही, थेट पायात जाते. बिरादार काकू कधी उठल्या, कधी कॅन रिकामे केले, कुणाला कळलंच नाही. घरून जपून आणलेलं गोडं पाणी ओतून देऊन त्या पायरीवर वाकल्या आणि भराभरा भरायला लागल्या. त्यांचं बघून आणखी तिघी. कुणी बाटल्या, कुणी डबे.

"काकू, अहो ते खारं आहे!" बाई ओरडल्या.

काकूंचा हात क्षणभर थांबला. मग म्हणाल्या, "असू द्या. भांड्याला हुतंय."

या गोंधळात गयाबाई दोन पायऱ्या उतरल्या. ओंजळ बुडवली, जिभेला लावली आणि थुंकल्या. कितीतरी वेळ वर जाणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या. नंतर सुनेला म्हणाल्या, "पोरी, नदी काय कामाची न्हाई तुझी. पर खोटी न्हाई."

बाई रडल्या. भरल्या नदीसमोर, सगळ्या कॉलनीदेखत, नाक पुसत रडल्या. मीही रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गयाबाई जळकोटला परत गेल्या. आणि गप्प बसल्या नाहीत. शेजारी, नात्यात, विहारात वंदनेला आलेल्या बायकांना, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, सगळ्यांना त्यांनी सांगितलं की नदी उलटी फिरते, म्या डोळ्यानं बघितलं. जळकोटने काढायचा तोच अर्थ काढला. म्हातारीचं वय झालं. थोरल्या लेकाने उदगीरच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरने वार विचारला, सकाळी काय खाल्लं विचारलं, नातवंडांची नावं विचारली, सगळं बरोबर. तेव्हा लेक म्हणाला, "साहेब, नदी विचारा." डॉक्टरने विचारलं, नदी कुठं वाहते? गयाबाई म्हणाल्या, "दोनी अंगाला." डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या.

हे फोनवर कळलं तेव्हा बाईंचा चेहरा मी पाहिला. तीस वर्षं त्यांनी जे सोसलं ते आता आपल्यामुळे त्या म्हातारीच्या वाट्याला आलं होतं, वर गोळ्याही. आम्ही दोघी दुपारच्या एसटीने जळकोटला गेलो. वाटेत बाईंनी सगळी तयारी केली. चंद्र कसा, पृथ्वी कशी, पाणी का फुगतं. पर्समध्ये खडूसुद्धा होता. पुढे मी लेकीकडे राहायला गेले आणि बाई बहुतेक जळकोटलाच राहू लागल्या. त्यामुळे माझ्या आठवणीतल्या बाई त्या दिवसाच्याच आहेत.

ओट्यावर आठ-दहा बायका तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि मधोमध गयाबाई सांगत होत्या, "समुद्राला तहान लागली की त्यो नदीला वढून घेतो. अन् पोट भरलं की म्हनतो, बास, जा आता माघारी."

बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आम्हाला बघून एकीने हाक मारली, "या बाई, या! तुमी मास्तरीन. खरं सांगा, असं आस्तंय का कुठं?"

मी बाईंकडे बघितलं. भूगोलाचा इतका चुकीचा धडा त्यांच्या समोर आयुष्यात कुणी दिला नव्हता. चंद्र त्यांच्या अगदी ओठांवर आला होता. गयाबाईही मान वर करून सुनेकडे बघत होत्या.

बाईंनी चप्पल काढली, सासूच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि सुपातल्या शेंगा पुढे ओढल्या.

"आत्याबाई म्हणतात तसंच आहे," त्या म्हणाल्या. "पोट भरलं की समुद्र नदीला माघारी पाठवतो."